कोबेची भागूमावशी

भागूमावशीच्या खोलीत कुणी बसायला गेलं की त्याच्या चपला फिरायच्या. म्हणजे असं, की तुम्ही उंबऱ्याबाहेर चपला काढून आत टेकलात, पाणी प्यालात, चार गोष्टी झाल्या आणि निघायला उठलात, तर चपलांची तोंडं रस्त्याकडे झालेली असायची. तुम्ही नुसते पाय सरकवायचे. जालन्याच्या मस्तगडात ती नवी राहायला आली तेव्हा आमच्या शेजारणीला पहिल्यांदा हा अनुभव आला, आणि तिनं सगळ्या आळीत सांगितलं, की मी अजून धड बसले बी नव्हते तर हिनं माझ्या चपला बाहेरच्या तोंडानं लावल्या. जा म्हणायचं तर तोंडानं म्हणावं. पंधरा दिवस कुणी तिच्याकडे फिरकलं नाही. आणि मावशी बिचारी रोज दारात बसून वाट बघायची, की या गावच्या बायका इतक्या तुटक कशा.

शेवटी मीच तिला विचारलं. मी तेव्हा नवीनच लग्न होऊन जालन्यात आलेली, सतराअठरा वर्षांची, आणि न विचारता राहणं मला तेव्हाही जमत नव्हतं. ती कपाळाला हात लावून हसायला लागली. ती जिथून आली होती तिथं ही मानाची रीत होती. पाहुण्याला जाताना वाकावं लागू नये, पाय सरळ चपलेत जावा. "नऊ वर्षं हेच केलं बाई. हात आपोआप जातो," म्हणाली.

ती आली होती कोबेहून. कोबे म्हणजे जपानात. आमच्या आळीतल्या बायकांना ते मुंबईच्या थोडं पलीकडे असेल असं वाटायचं आणि मावशीनंही ते कधी दुरुस्त केलं नाही. त्या काळी जालन्याच्या कापसाच्या गाठी रेल्वेनं मुंबईला आणि तिथून बोटीनं जपानला जायच्या. एका शेठजींनी कोबेला पेढी टाकली होती. पेढीवरच्या माणसांना तिथलं जेवण उतरेना, म्हणून इथून स्वयंपाकी धाडला. तो भागूमावशीचा नवरा. तो म्हणाला, बायको बरोबर असेल तर जातो. अशी ही बाई, जिनं तोवर अंबडच्या पुढचं गाव पाहिलं नव्हतं, ती समुद्रापलीकडे गेली.

दुसऱ्याच थंडीत नवरा छातीत कफ होऊन गेला. पोरबाळ नव्हतं. परत यायचं तर बरोबर कोण? शेठजींचा माणूस म्हणाला, बाई, स्वयंपाक तुम्हीच करा. ती हो म्हणाली आणि चुलीसमोर बसली ती तीन दिवस तशीच. स्वयंपाक करायची, पण उठायची नाही, बोलायची नाही, खायची नाही. पेढीच्या मागच्या घरात एक म्हातारी राहायची. तिला सगळे ओबासान म्हणत, म्हणजे आपल्याकडे आजी म्हणतात तसं. चौथ्या दिवशी ती मागच्या दारानं आत आली, गुडघे मुडपून मावशीच्या मागे बसली आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, हात ठेवला. बस, एवढंच.

हे मावशी मला किती वेळा सांगायची, आणि दर वेळी त्याच शब्दांत. "एकमेकींचा एक शब्द समजत नव्हता. दाबलं न्हाई, चोळलं न्हाई, नुसता हात. लई वेळानं मला जांभई आली. मंग रडू आलं. मंग भूक लागली."

जांभई, रडू, भूक. तिच्या विद्येचं सगळं सार एवढंच होतं असं मला अजून वाटतं. पुढे सात वर्षं, पेढी उठून सगळे परत येईस्तोवर, ती ओबासानकडे शिकली. शिकली म्हणजे रोज दुपारी जाऊन बसली. ओबासान म्हणायची, माणसाच्या अंगात एक शक्ती वाहत असते. तिच्या भाषेत त्याला ‘की’ म्हणत. मावशी आम्हाला सांगताना जीव म्हणायची. जीव अंगभर फिरतो, एखाद्या जागी अडतो, तिथं आधी दोन्ही तळवे जोडून त्यात श्वास सोडायचा, तळवे ऊन झाले की हात ठेवायचा आणि वाट बघायची. आता आमच्या नातसुनेनं असलाच काहीसा क्लास लावलाय आणि तिला शिक्क्याचा कागद मिळणार आहे. मावशीकडे कसला कागद? तेव्हा निजामाचं राज्य, आमच्याकडे कागद म्हटला की सरकारी, तोही उर्दूत, आणि त्याच्याजवळ जायला सगळे भ्यायचे.

हात ठेवण्याशिवाय दुसरं एक होतं, ते ती रोज सकाळी पाणी भरून झाल्यावर स्वतःसाठी करायची. गुडघे मुडपून बसायचं. फासळ्यांच्या खाली बोटं ठेवून वाकत वाकत श्वास सोडायचा, तीन वेळा. कंबरेतून वळून मागं बघायचं, डावीकडं, उजवीकडं. मग अंगठे मुठीत घट्ट दाबून मागं रेलायचं आणि एकदम सैल सोडायचं. शेवटी तळवे मांडीवर उताणे ठेवून डोळे मिटायचे. थोडा वेळ काही होत नाही. मग जांभई येते, आणि अंग आपलं आपण हलायला लागतं. कुणाची मान फिरते, कुणाचा खांदा वर जातो, कुणाचं धड जात्यावर बसल्यासारखं गोल फिरतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरून तिला हलवायला गेले. नंतर ती म्हणाली, "मी हलत न्हाई ग कौसे. मी फक्त अडवत न्हाई."

अशी होती ती. बुटकी, गोरी नाही काळी नाही, दूध नसलेला चहा वाटीत दोन्ही हातांनी धरून पिणारी, दारात कुणीही आलं, अगदी भाजीवाली आली तरी, कमरेतून वाकणारी. भाजीवाली आधी मागं वळून बघायची, आपल्यामागं कोण मोठं माणूस आलंय म्हणून. पुढे पुढे तीही वाकायला लागली. कांदा तर असा चिरायची की पलीकडचं दिसावं. पापड-कुरडया करून द्यायची, त्यावर तिचं भागायचं. हात ठेवण्याचे कधी काही घ्यायची नाही. आणि एक तिचं मला फार आवडायचं. हात ठेवला आणि तिला काही वेगळं वाटलं की ती लगेच उचलायची. म्हणायची, "हे माझ्या हाताचं न्हाई. दवाखान्यात जा, जल्दी." त्यात तिला कमीपणा वाटत नसे.

आळीच्या टोकाला एक म्हातारे हकीमसाहेब होते. त्यांना उचकी लागली ती दोन दिवस थांबेना. स्वतःची सगळी औषधं घेऊन झाली. हकीमाला उचकी म्हणजे धंद्याची शोभाच, म्हणून बेगमसाहेबांनी मागच्या दारानं मावशीला बोलावलं. आता परक्या पुरुषाला हात कसा लावायचा? मावशी पडद्याच्या अलीकडे बसली, पलीकडे हकीमसाहेब आणि बेगम. मावशी म्हणाली, हात तुमचा ठेवा, जागा मी सांगते. खाली, अजून खाली, आता बोलू नका. अर्ध्या तासानं उचकी थांबली. हकीमसाहेब पडद्याआडून म्हणाले, "चालीस बरस में बेगम ने पहली मर्तबा पीठ पे हाथ रखा. हिचकी घबरा के भाग गई." त्यानंतर ते आपले रोगी तिच्याकडे आणि ती आपले त्यांच्याकडे धाडायची.

पण मला सांगायचंय ते पिंपळगावचं. पिंपळगाव रेणुकाई हे माझं माहेर. माझ्या थोरल्या भावाची बायको सुंद्रावहिनी. लागोपाठ दोनदा पोटातलं मूल गेलं आणि त्यानंतर तिची मान आणि उजवा हात आखडला. वेणी घालायला हात वर जाईना. तरी दळण, पाणी, धारा, शेतावरची भाकरी, सगळं चालूच. माझी आई काही दुष्ट नव्हती. तिच्या सासूनं तिला जसं राबवलं तसंच सुनेला राबवायचं असतं, याच्यापलीकडे तिनं काही पाहिलं नव्हतं. भोकरदनच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, हाडात काही नाही, विश्रांती द्या. विश्रांती हा शब्द आमच्या घरात त्यापूर्वी कुणी ऐकलेला नसावा.

मी मावशीला म्हटलं, चल माझ्या माहेरी. भोकरदनपर्यंत मोटार, पुढे भावाची बैलगाडी. मावशी महिनाभर राहायच्या तयारीनं आली. रोज सकाळी गोठ्यामागं, बायांची नजर चुकवून, ती वहिनीला घेऊन बसायची. आठवडाभर वहिनी नुसती लाकडासारखी बसली. आठव्या दिवशी मावशी देवळात गेली होती, शुक्रवार म्हणून, आणि वहिनी एकटीच गोठ्यामागं बसली. तेव्हा तिचं अंग सुटलं. मान गरागरा फिरायला लागली, बांधलेले केस सुटले, डोळ्यांतून पाणी, मध्येच हसू. आणि नेमकी त्याच वेळी शेजारची रखमा विरजण मागायला आली.

आता हे गाव रेणुकेचं. शुक्रवार. मोकळे केस. रखमानं दुसरं काय समजावं? विरजणाची वाटी तिथंच टाकून ती ओरडत गेली, की सुंद्राच्या अंगात रेणुकाआई आली. मावशी देवळातून परत येईस्तोवर अंगणात पंचवीस माणसं, वहिनी पाटावर, आणि माझी आई, जिनं आजवर सुनेला नावानं हाक मारली नव्हती, ती तिच्या पायावर हळद-कुंकू वाहून राह्यली होती.

मावशी मला म्हणाली, संध्याकाळी सगळ्यांना समजावून सांगते. पण त्या दुपारी आईनं वहिनीला गादी घालून दिली आणि वहिनी झोपली. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, दुपारी पाठ टेकलेली ती पहिलीच वेळ. मावशीनं दारातून तिला झोपलेली पाहिलं आणि म्हणाली, आज न्हाई, उद्या सांगते. उद्याचं परवा झालं. वहिनीचा हात पार वर जायला लागला. ओट्या यायच्या, नारळ यायचे. लोक विचारायचे, म्हैस कधी विणेल, विहिरीला पाणी कुठं लागेल. वहिनी आधी गप्प राहायची, मग हळूहळू काहीबाही बोलायला लागली. देवळाचा गुरव चारदा येऊन बघून गेला. मावशी रोज रेणुकेपुढं जाऊन माफी मागायची, माझ्यामुळं तुझं नाव घेऊन राह्यले म्हणून. पण तोंड उघडायची नाही. तिचं एवढं चुकलंच, आणि ते तिनं पुढे स्वतः कबूल केलं.

पाचव्या दिवशी रखमा आपली चार वर्षांची पोर घेऊन आली. पोर तापानं फणफणलेली. वहिनी म्हणाली, तिसऱ्या दिवशी उतरेल, आणि अंगारा लावला. मावशीनं पुढं होऊन पोरीच्या कानामागं हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. म्हणाली, हे माझ्या हाताचं न्हाई, आत्ताच्या आत्ता भोकरदनला न्या. रखमा हलेना. रेणुकाआईनं तीन दिवस सांगितलेत, त्याच्यावर तू कोण, असं म्हणाली.

मावशी वहिनीला धरून आत घेऊन आली. मी दाराशी होते. मावशी म्हणाली, "सुंद्रा, तिला सांग न्या म्हणून. तुझंच ऐकंल ती."

वहिनीनं आधी दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, आई तीन दिवस म्हणाली आन् आता लगेच न्या म्हणती, तर लोक काय म्हणतील? मंग ही आईच न्हाई म्हणतील."

"न्हाईच ती. तुला बी म्हाईत हाय."

"म्हाईत हाय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ते मला जास्त लागलं. "पण आत्याबाई माझ्या पाया पडल्या, मावशी. मी दुपारची झोपून राह्यली. उद्यापासून पुन्हा जातं. तुमी निघून जाल जालन्याला. माझा हात पुन्हा आखडंल. तुमीच दिलं आन् तुमीच काढून घेता."

मावशी खाली बसली. तिनं दोन्ही तळवे जोडले, नेहमी हात ठेवण्याआधी जोडायची तसे, पण ठेवला कुणाच्याच अंगावर नाही. मग म्हणाली, "देवी देवळात जाऊ दे. तुझी दुपार मी मागते. न्हाई मिळाली तर मी जालन्याला जात न्हाई, हितंच जातं वढते तुझ्याबरोबर. पण आधी पोर."

वहिनी उठली. अंगणात गेली, केस बांधले, आणि साध्या आवाजात म्हणाली, "रखमाबाई, मी सुंद्रा बोलून राह्यली. मला काई कळत न्हाई. पोरीला दवाखान्यात न्या." माझ्या भावानं तोवर बैल जुंपलेच होते. रखमा वहिनीकडे बघत बघत गाडीत बसली.

गाडी गेली. आई उभी, हातात कुंकवाचा करंडा. तिचं तोंड लाजेनं उतरलेलं. पाच दिवस सुनेच्या पाया पडले ते फुकट, आणि गाव हसणार. मला वाटलं आता वहिनीचं काही खरं नाही.

मावशी पुढं आली आणि सगळ्यांपुढं कमरेतून वाकली. म्हणाली, चूक माझी हाय. ही जपानची कसरत, मी शिकवली, पोरीनं बराबर केली. मी रोज करते, मला कधी कुणी नारळ वाहिला नाही. मग आईकडे वळली आणि म्हणाली, मालकीणबाई, तुमची मान डाव्या अंगाला वळत न्हाई, मी आल्यापासून बघून राह्यले. बसा हितं.

आई म्हणाली, माझ्या अंगात कशाला काय येतंय. पण इतकी माणसं बघत होती, नाही म्हणायची सोय उरली नव्हती. बसली. श्वास सोडला, कंबर वळवली, मुठी आवळून सोडल्या. डोळे मिटले. मग आईनं एक जांभई दिली, अशी की जबडा मोडला वाटावा. मग दुसरी. मग तिची मान हळूच डावीकडे झुकली, आणि तीस वर्षं घागरी वाहिलेली ती मान मोटेच्या चाकासारखी करकरत फिरायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, हिच्याबी अंगात आलं. इतक्यात कडेला बसलेली एक म्हातारी, बघता बघता, बसल्या जागी डोलायला लागली.

तेव्हा गुरव पुढं झाला. पाच दिवस देवळातले नारळ आमच्या अंगणात फुटत होते, त्याचा जीव आधीच कळवळलेला. तो म्हणाला, "आई काय अशी वाटंत पडलीय का, जी बसंल तिच्या अंगात यायला? ही कसरतच हाय. बिलकुल कसरत. चला, ज्याला नारळ वाढवायचाय त्यानं देवळात." लोक हसले आणि उठले. देवी जशी आली तशी गेली, गुरवाच्या मागोमाग.

आई अर्ध्या तासानं डोळे उघडून बसली. तिचा चेहरा ओला होता. कुणाकडे न बघता ती म्हणाली, भूक लागली. वहिनीनं तिला भाकरी वाढली.

मग मावशीनं आपली मागणी मांडली. म्हणाली, ओबासानचा नियम हाय, हे एकटीनं करायचं न्हाई, जोडीनं करायचं. दुपारी जेवणं झाली की सासूसून समोरासमोर बसायचं. आणि झाल्यावर घटकाभर दोघींनी आडवं व्हायचं. त्या घटकेत कामाला हात लावला तर केलेलं सगळं वाया. आईनं हे सगळं देवाचं सांगणं ऐकावं तसं ऐकलं. रखमाच्या पोरीच्या कानामागं गळू झालं होतं, ते डॉक्टरनं फोडलं आणि ती चार दिवसांत खेळायला लागली. रखमा विरजणाची वाटी परत न्यायला आली तेव्हा तिनं वहिनीला ओशाळून विचारलं, मला बी शिकवशील का.

परत येताना गाडीत मी मावशीला म्हटलं, तू तर मस्तगडात रोज एकटीच करायचीस, मग हा जोडीचा नियम ओबासाननं कधी सांगितला? मावशी बाहेर ज्वारीकडे बघत होती. म्हणाली, "तिला सुंद्रा म्हाईत असती तर सांगितला असता."

पुढे ती वर्षातून एकदा पिंपळगावला जायची. हैद्राबाद राज्यातली शेवटची वर्षं ती, सगळीकडे धास्ती, मोटारी कधी चालायच्या कधी नाही. अंबडला तिचा पुतण्या कोर्टात कारकून होता. त्यानं कळवलं, काकू, आता एकटी राहू नको, इकडं ये. जाण्याआधी ती पिंपळगावला आली. मीही तेव्हा बाळंतपणाला माहेरीच होते. नंतर माझी तिची गाठ झाली नाही. ती गेल्याचं पत्रच आलं.

निघायच्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात नऊ बायका बसल्या होत्या. आई, वहिनी, रखमा, गुरवाची बायकोसुद्धा. सगळ्यांचे डोळे मिटलेले. एकीची मान फिरत होती, एकीचे हात, आई तर बसल्या बसल्या घोरत होती आणि घोरता घोरता डोलत होती. वहिनीचं तोंड उन्हाकडं होतं. मावशी कडेला पायरीवर बसून सुपात डाळ निवडत होती. गाडी आली. मी उठून बायकांना हाक मारणार, तर मावशीनं हातानं नको म्हटलं. सूप माझ्या मांडीवर ठेवलं, बोचकं उचललं, आणि त्या नऊ बायकांपुढं कमरेतून पार खाली वाकली.

एकीनंही डोळे उघडले नाहीत. मावशीचा चेहरा इतका खूश मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता.